काळा कोट आणि पांढरी रुई

काळ्या लोकरी कोटावर चिकटलेला पांढरा तंतू ही दिसावयास अगदीं क्षुल्लक वस्तु आहे. बोटाच्या चिमटीनें ती उचलावी आणि वाऱ्यावर सोडून द्यावी, एवढेंच तिचें महत्त्व. परंतु जो मुलूख कापसावर जगला, त्या मुलखांत काळा कोट निर्मळ ठेवणें ही सोपी गोष्ट नव्हती. वऱ्हाडांत रुई आणि कोट यांची गांठ कशी पडली, हें पाहूं गेल्यास शंभर-दीडशें वर्षांचा इतिहास उलगडतो.

बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर हा पैनगंगेच्या कांठचा तालुका. शुकदास महाराजांनीं स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमामुळें सर्वतोमुखी झालेलें हिवरा आश्रम हें गांव याच तालुक्यांत आहे. तेथें हिवाळ्यांत विवेकानंद जयंतीचा उत्सव भरतो आणि दुरदूरचे लोक थंडींत कुडकुडत येऊन जमतात. पेटींतील लोकरी कपडे बाहेर निघण्याचे हेच दिवस. आणि कापूस वेचून घरांत आणण्याचे दिवसही हेच. आज या भागांतील पुष्कळशी जमीन सोयाबीननें व्यापली आहे. पण ज्या काळीं काळ्या रानांत कापूसच मुख्य होता, त्या काळीं लोकरीचा हंगाम व रुईचा हंगाम वर्षानुवर्षें एकाच वेळीं येत. कोटाची अडचण येथूनच सुरू होते.

सन १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यांत दिला. पुढें १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव भडकले. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत फांटा सुरू होऊन खामगांवच्या कापूसबाजारास रेल्वेचा रूळ जोडला गेला. वऱ्हाडच्या मालाला मुंबईच्या बाजारांत ‘ऊमरा’ असें नांव पडलें होतें. तें अमरावतीवरून आलेलें. सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. मेहकराकडे रूळ आले नाहींत; तेथील कापूस बैलगाडीनेंच जात राहिला, आणि गाडीवाटेच्या दोन्ही कडेच्या बाभळींवर पांढऱ्या रुईचीं पुंजकीं अडकून राहात.

कापसाबरोबर कचेऱ्या आल्या, न्यायालयें आलीं, शाळा आल्या आणि त्यांच्याबरोबर कोट आला. लोकर या मुलखास नवी नव्हती. धनगराच्या मागावर विणलेली काळी घोंगडी पावसांत, थंडींत आणि रात्रीच्या राखणींत शेतकऱ्याच्या खांद्यावर पूर्वापार आहे. परंतु घोंगडीवर किती काड्या चिकटल्या, हें कोणी मोजीत नसे. कोटाची गोष्ट निराळी. अंगरखा व उपरणें मागें पडून धोतरावर बंद गळ्याचा कोट आणि डोक्यास टोपी किंवा पागोटें, हा कारकून, शिक्षक व वकील यांचा वेष ठरला. कानपूरची लोकरीची गिरणी १८७६ सालीं आणि पंजाबांतील धारिवालची १८८० सालीं निघाली; ठाण्यास १९२५ सालीं निघालेल्या गिरणीचें नांव पुढें रेमंड म्हणून घरोघर पोंचलें. देशी कापड मिळूं लागलें, तरी मध्यम स्थितीच्या गृहस्थास कोट वारंवार शिवणें परवडण्यासारखें नव्हतें. एकच कोट कचेरींत, लग्नांत व सभेंतही चालवावयाचा. थोरल्याचा उतरला कीं तो उलटवून धाकट्यासाठीं शिववावयाचा. अशा कोटाची निगा म्हणजे घरच्या मिळकतीचीच निगा होती.

आतां काळ्या लोकरीवर रुई इतकी घट्ट कां बसते, याचा विचार करूं. लोकरीचा केस सूक्ष्मदर्शकांतून पाहिला तर त्यावर माशाच्या अंगासारखे बारीक खवले दिसतात आणि केसास नागमोडी वळण असतें. कापसाचा तंतू चपटा व पीळदार असतो. तो या खवल्यांत व वळणांत गुंततो. त्यांतून वऱ्हाडचा जुना गावरान कापूस आंखूड धाग्याचा. आंखूड तंतू सुटून हवेंत लवकर उडतो. तिसरें कारण विजेचें. कोरड्या हिवाळ्यांत वस्त्रावर वस्त्र घासलें म्हणजे लोकरींत घर्षणजन्य वीज साठते आणि हलके तंतू कोटाकडे ओढले जातात. पावसाळ्यांत हवा दमट असल्यामुळें ही वीज टिकत नाहीं. म्हणून कोट हिवाळ्यांतच अधिक मळलेला दिसतो.

हीं कारणें कळलीं म्हणजे उपायही सहज कळतात. कोट झटकावा तो घराबाहेर, आणि तोही मागल्या बाजूनें हलक्या हातानें थोपटून. नंतर राठ केसांच्या ब्रशानें कापडाची लव ज्या दिशेस झुकली असेल त्याच दिशेनें, खांद्यापासून खालीं ओढीत जावें. उलट ब्रश फिरविल्यास तंतू निघण्याऐवजीं आंत रुततो. राहिलेले तंतू काढण्यास हाताचा तळवा पाण्यानें किंचित् ओला करून कोटावरून एकाच दिशेनें फिरवावा. ओलाव्यानें वीजही नाहींशी होते व तंतूही गोळा होऊन येतात. पुष्कळ घरीं जुन्या धोतराच्या फडक्यानें कोट पुसतात. पण झिजलेलें सुती फडकें स्वतःच तंतू सोडतें, आणि एक काढतांना दहा चिकटतात. त्यापेक्षां रेशमी वस्त्राचा ओलसर तुकडा बरा, कारण रेशमाचा धागा लांब व अखंड असतो.

कोट कढत पाण्यांत घालून चोळूं नये. ऊब, ओल व चोळणें या तिहींनीं लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतें. हंगाम संपल्यावर कोट उन्हांत थोडा वेळ टांगावा, ब्रश करावा आणि मगच पेटींत ठेवावा. कसरीची अळी लोकरच खाते आणि घामाचे व अन्नाचे डाग असलेला भाग तिला विशेष आवडतो. पेटींत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा कापूर घालण्याची चाल आहे. परंतु स्वच्छ कोट व घट्ट झांकण हेंच खरें रक्षण होय. पेटींतील गादी-उशीच्या कापसाशीं मात्र कोटाचा स्पर्श होऊं देऊं नये.

पुढें परदेशांत नवीं साधनें निघालीं. रिचर्ड ड्रू यानें अमेरिकेंत १९२५ सालीं रंगाऱ्यांसाठीं चिकटपट्टी बनविली आणि १९३० सालीं पारदर्शक पट्टी. १९५६ सालीं निकोलस मॅके या गृहस्थानें चिकटपट्टी उलटी गुंडाळून कपड्यावर फिरविण्याचें रूळ तयार केलें. तें आज आपल्याही शहरांतील दुकानांत मिळतें. घाईच्या वेळीं तें उपयोगी पडतें. परंतु तंतू आल्यावर तो काढणें एवढेंच त्याचें काम. तो येऊंच नये यासाठीं कोट कोठें टांगला आहे, हेंच पाहिलें पाहिजे.

वकिलांना अजूनही या कोटापासून सुटका नाहीं. १९६१ च्या कायद्याखालीं ठरलेल्या नियमांत काळा कोट आहेच. उन्हाळ्यांत सर्वोच्च व उच्च न्यायालयांखेरीज इतरत्र तो सक्तीचा नाहीं, एवढी सवलत आहे.

परंतु या विषयाची एक बाजू अशी आहे कीं ती ब्रशानें झाडून टाकतां येत नाहीं. जो तंतू व जी धूळ कोटावर बसते, तीच कापूस पिंजणाऱ्याच्या व कारखान्यांत सरकी काढणाऱ्या मजुराच्या श्वासांतून आंत जाते. जवस व भांग यांच्या झाडांचे तंतू विंचरणाऱ्यांस होणाऱ्या खोकल्याचें वर्णन इटलींतील वैद्य रामाझ्झिनी यानें १७०० सालींच केलें होतें. कापसाच्या धुळीनें छाती आवळून येणें व दम लागणें या विकारास आज वैद्यक बिसिनोसिस म्हणतें, आणि आपल्या देशांतील कामगारविषयक कायद्यांच्या रोगसूचींत त्याचा समावेश झाला आहे. कोट झाडतां येतो. फुप्फुस झाडतां येत नाहीं. म्हणून तोंडावर फडकें, वारा खेळेल अशी जागा आणि धूळ ओढून घेणारीं यंत्रें यांची गरज कोटाच्या ब्रशाहून कितीतरी मोठी आहे.

ज्या रुईच्या पैशावर शाळा, कचेऱ्या व बाजार चालले, आणि ज्या पैशांतून पुष्कळांचे कोट शिवले गेले, तीच रुई त्या कोटावर येऊन बसे आणि नकोशी होई. कोट स्वच्छ असावा, हें योग्यच आहे. नीटनेटकेपणानें माणसाची व त्याच्या कामाची शोभा वाढते. मात्र खांद्यावरचा पांढरा तंतू उचलतांना तो कोणाच्या हातांतून येथवर आला, याचें स्मरण ठेवणें हेंही नीटनेटकेपणाचेंच एक अंग आहे.