जुन्या डिझेल पिकअपची घरच्या घरी देखभाल



अमेरिकेत आपल्यापैकी काही जणांच्या दारात अजूनही फोर्डचा जुना एफ-२५० किंवा एफ-३५० उभा असतो. १९९४ ते २००३ या काळात या गाड्यांत ७.३ लिटरचे 'पॉवर स्ट्रोक' डिझेल इंजिन मिळत असे. नॅव्हिस्टारने बनवलेले हे इंजिन मोठे दणकट आहे. मात्र त्याच्या काही खोडी माहीत हव्यात. त्या आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

ऑइल : या इंजिनात सुमारे १४ लिटर (१५ क्वार्ट) ऑइल मावते. इंजेक्टर ऑइलच्याच दाबावर चालतात. त्यामुळे ऑइल फार कमी झाले तर गाडी सुरूच होत नाही. डिझेलसाठीचे १५डब्ल्यू-४० ऑइल वापरावे व साधारण ५,००० मैलांनी बदलावे.

कूलंट : सिलिंडरच्या भिंतींच्या कंपनाने कूलंटमध्ये बारीक बुडबुडे होतात. ते फुटताना भिंतीला खड्डे पडतात, आणि भोक आरपार गेले की इंजिन ब्लॉक निकामी. म्हणून साध्या हिरव्या कूलंटमध्ये खास संरक्षक द्रव मिसळावा लागतो. त्याचे प्रमाण वर्षातून एकदा चाचणी-पट्टीने तपासा. पट्टी काही डॉलरची, इंजिन हजारोंचे!

थंडीत सुरू होत नाही? : आधी दोन्ही बॅटऱ्या तपासा, मग ग्लो प्लगचा रिले. गाडी थंड असताना किल्ली फिरवा (इंजिन सुरू न करता) आणि रिलेच्या दोन्ही मोठ्या बोल्टांवर व्होल्टमीटर लावा. दोन्हीकडे बॅटरीइतके व्होल्ट हवेत. एकीकडे असून दुसरीकडे नसले, तर बहुधा रिले गेला आहे.

डिझेलमधील पाणी : पाण्याचा दिवा लागल्यास इंजिन बंद करून फिल्टरच्या तळाचे पाणी भांड्यात काढा.

सांभाळा : इंजेक्टरच्या वायरिंगमध्ये सुमारे ११० व्होल्ट असतात. इंजिन चालू असताना त्यांना हात लावू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. पक्के स्टँड लावा आणि चाकांना अडथळे द्या. मुलांना दूर ठेवा. जुने ऑइल गटारात न ओतता ते स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या.

एवढे जमले तर बरीच कामे दारातच उरकतील. इंजेक्टर किंवा ब्लॉक उघडण्याची वेळ आली, तर मात्र जाणकार मेकॅनिकच गाठावा.