पत्र्याची घडी उलगडताना

आजचा विषय आहे पत्रा. कॉम्प्युटरचं कॅबिनेट घ्या, नाहीतर जिन्याखालची मीटरची पेटी. आधी हा सगळा सपाट पत्रा असतो. तो कापायचा आणि मग वाकवायचा. त्यामुळे कापण्याआधी कळायला हवं की हा आकार उलगडला तर नेमका केवढा होईल.

प्रश्न जुना आहे. कोणते पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट पसरता येतात, याचं गणित लेओनहार्ड ऑयलरने १७७२ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती! नळकांडं पसरतं, शंकू पसरतो. चेंडू मात्र का पसरत नाही, याचं कारण गाउसने १८२७ साली सिद्ध केलेल्या प्रमेयात सापडतं. मोसंबीची साल टेबलावर दाबून बघा, फाटतेच.

पुढे कॅड आलं. एका सॉफ्टवेअरचं काम दुसऱ्यात उघडेना. म्हणून अमेरिकेत १९८० साली 'आयजेस' आलं आणि १९९४ साली 'स्टेप' हे आंतरराष्ट्रीय मानक. आता आकार कुठेही पाठवता येतो. पण स्टेप फाइलमधून साधारणपणे फक्त आकार येतो. तो कुठे, कसा वाकवला, ही माहिती मागेच राहते. सॉफ्टवेअरला दिसतो नुसता ठोकळा.

मग आपणच सांगायचं: ही बाजू स्थिर धर, हे बेंड, आणि हा के-फॅक्टर. म्हणजे काय? पत्रा वाकला की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. मधल्या एका थराची लांबी मात्र बदलत नाही. तो थर आतल्या बाजूपासून जाडीच्या कितव्या भागावर आहे, तो आकडा म्हणजे के-फॅक्टर.

आता हिशोब बघा. पत्रा २ मिमी, आतली त्रिज्या २ मिमी, बेंड ९० अंशांचा. के ०.३३ धरला तर बेंडला ४.१८ मिमी पत्रा लागतो, ०.५ धरला तर ४.७१. एका बेंडला अर्ध्या मिमीचा फरक, चार बेंडना दोन मिमीच्या वर. भोकं जुळत नाहीत आणि माल भंगारात जातो.

हा आकडा फाइलबरोबर येत नाही. त्याच पत्र्याचा तुकडा, त्याच डायवर वाकवून, मोजून काढावा लागतो. म्हणून बाहेरून आलेली फाइल सपाट करण्याआधी प्रेस ब्रेकवरच्या माणसाला जरूर विचारा, "दादा, या पत्र्याचं माप काय येतं?"

भेटू पुढच्या भागात!