रात्रीच्या रडण्याचा इतिहास : मुंबई आणि तिची उपनगरे

मुंबई आणि साष्टी बेटावर पसरलेली तिची उपनगरे यांचा सामाजिक इतिहास बहुधा गिरण्या, रेल्वे आणि चाळी यांच्या आधारे लिहिला गेला आहे. परंतु रात्री झोपेत रडणाऱ्या लहान मुलासाठी घरातल्या माणसांनी काय केले, या प्रश्नाच्या आधारेही तो वाचता येतो. दीड-दोन वर्षांचे मूल मध्यरात्री किंचाळत उठते, डोळे उघडे असूनही आईला ओळखत नाही आणि थोड्या वेळाने आपोआप शांत होते, हा अनुभव जुनाच आहे. त्याचे कारण प्रत्येक काळाने वेगळे सांगितले. उपाय मात्र पुष्कळदा त्या कारणावरून न ठरता, मुलाजवळ बसण्याइतकी सवड घरात कोणाला होती यावरून ठरत आला.

आयुर्वेदातील बालचिकित्सेच्या शाखेला कौमारभृत्य म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्कंद, शकुनी, रेवती, पूतना इत्यादी नऊ बालग्रहांचे, म्हणजे मुलांना पछाडणाऱ्या अदृश्य शक्तींचे, वर्णन आहे, आणि दचकणे, सतत रडणे, झोप न लागणे यांचा संबंध अशा ग्रहबाधेशी जोडलेला आढळतो. याच परंपरेत निरीक्षणावर आधारलेला दुसरा विचारही होता. नेपाळमध्ये सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून संपादित झालेली काश्यपसंहिता 1938 मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. तिच्या वेदनाध्यायात, बोलता न येणाऱ्या मुलाचे दुखणे त्याच्या हालचालींवरून कसे ओळखावे हे सांगितले आहे : कान दुखत असेल तर मूल हाताने कानाला स्पर्श करते, डोके दुखत असेल तर डोळे मिटून कण्हते आणि झोपत नाही. रडणे ही मुलाने दिलेली माहिती आहे आणि ती समजून घेणे हे वैद्याचे काम आहे, ही दृष्टी या अध्यायात स्पष्ट दिसते.

मराठी घरांत हे दोन्ही विचार एकत्र नांदले. तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून दृष्ट काढली जाई. त्याच घरात सहाणेवर बाळगुटी उगाळली जाई. वेखंड, सुंठ, मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, जायफळ, बदाम, खारीक या द्रव्यांचे ठरावीक वळसे आईच्या दुधात उगाळून बाळाला चाटवणे म्हणजे गुटी देणे. वयानुसार वळसे वाढवले जात आणि झोप येण्यासाठी जायफळ वापरले जाई. या पद्धतीचा प्राण औषधापेक्षा मात्रेत होता, आणि मात्रेचे ज्ञान आजी किंवा सुईण यांच्या हातात असे. गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबाने सहाण सोबत आणली, पण आजी पुष्कळदा कोकणात किंवा घाटावर राहिली.

हा बदल सर्वांत कठोरपणे गिरणी कामगार स्त्रियांच्या वाट्याला आला. गिरण्यांचा मुख्य पट्टा परळ-लालबाग परिसरात असला तरी तो शहराच्या सीमेवर थांबत नव्हता. कुर्ल्यातील स्वदेशी मिल ही मूळची धरमसी मिल टाटांनी 1886 मध्ये विकत घेतली होती. सूत गुंडाळणाऱ्या नळी खात्यात स्त्रियांची संख्या मोठी असे. भोंग्याबरोबर बाहेर पडणाऱ्या आईला मागे ठेवलेले मूल दिवसभर शांत राहणे आवश्यक होते आणि रात्री तिला स्वतःला झोप मिळणेही तितकेच आवश्यक होते. या दोन्ही गरजा बाळागोळी या नावाने विकल्या जाणाऱ्या अफूमिश्रित गोळीने भागवल्या. 1920 च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स यांनी गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी केलेल्या पाहणीत, कामगार स्त्रियांच्या सुमारे 98 टक्के अर्भकांना अफू दिली जात असल्याचे नमूद झाले. अफूतील मॉर्फिनमुळे मूल गुंगीत राहते, त्याची भूक मंदावते, बद्धकोष्ठ होतो आणि मात्रा वाढल्यास श्वास बंद पडू शकतो. म्हणजे जे मूल शांत झोपलेले दिसे, ते पुष्कळदा उपाशी आणि अशक्त होत असे.

या प्रथेला केवळ आईचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. सांभाळायला माणूस नाही, रजा नाही आणि एका खोलीत अनेक कुटुंबे राहत आहेत, अशा स्थितीत उरलेला तो सर्वांत स्वस्त मार्ग होता. म्हणूनच त्यावरचा खरा उपाय कायद्यातून आला. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आईला प्रसूतीच्या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे अशी भूमिका मांडली, आणि 1929 चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा ठरला. 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले. पुढे ही मर्यादा तीसवर आणली गेली.

याच काळात उपनगरांचे रूप पालटत होते. 1920 मध्ये वेगळा मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. 1950 मध्ये अंधेरी आणि घाटकोपर, तर 1957 मध्ये बोरिवली आणि मुलुंड हे भाग महानगरपालिकेच्या हद्दीत आले. लोकलच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या इथल्या छोट्या कुटुंबांत गुटीच्या जोडीला ग्राइप वॉटरची बाटली आली. 1851 मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड यांनी तयार केलेल्या या औषधात शेपाचे तेल होते, आणि मराठी बाळंतिणीला बाळंतशेपा परंपरेने माहीत होताच. मात्र मूळ मिश्रणात मद्यार्कही असे, हे पालकांना क्वचितच ठाऊक असे. 1973 मध्ये अंधेरी पूर्वेला सुरू झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातील कारखान्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया काम करू लागल्या, आणि मूल कोणाजवळ ठेवावे हा गिरणगावातील प्रश्न उपनगरात नव्याने उभा राहिला.

निद्राशास्त्राने या रडण्याचे स्वरूप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. 1953 मध्ये शिकागो येथे युजीन असेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रावस्था नोंदवली, आणि झोप ही चक्रांनी बनलेली असते हे पुढे स्पष्ट झाले. लहान मुलांची चक्रे मोठ्यांपेक्षा आखूड असल्याने त्यांना अर्धवट जाग वारंवार येते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येताना मूल किंचाळते, घामाघूम होते आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, त्याला निद्राभय म्हणतात. अशा वेळी मुलाला हलवून जागे करू नये, फक्त त्याला इजा होणार नाही हे पाहावे. वाईट स्वप्न पहाटेकडे पडते, तेव्हा मूल पूर्ण जागे होते आणि त्याला जवळ घ्यावे लागते. आईपासून दूर होण्याची भीती, दात येणे, सर्दीने चोंदलेले नाक आणि दिवसभराचा शीण हीही नेहमीची कारणे आहेत. ताप, कानदुखी, घोरणे किंवा श्वासाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते.

काश्यपसंहितेतील निरीक्षण आणि आधुनिक निद्राशास्त्र यांचा निष्कर्ष येथे जवळ येतो : बहुतेक रडणाऱ्या मुलांना गुंगीची गरज नसते, लक्ष देऊन पाहणाऱ्या माणसाची असते. देशाच्या प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील मातांना 26 आठवड्यांची रजा आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती लागू झाली. परंतु मुलुंड-घाटकोपरच्या इमारतींत घरकाम करणारी किंवा त्यांच्या बांधकामावर राबणारी स्त्री प्रत्यक्षात अजूनही या संरक्षणाच्या बाहेर आहे. गेल्या शंभर वर्षांत रडण्याची कारणे कळली आणि अफूची गोळीही सुटली. आता या कष्टकरी स्त्रीसारख्या आईला पगारी रजा आणि घराजवळ विश्वासाचे पाळणाघर मिळवून देणे हे या शहराचे उरलेले कर्तव्य आहे.