देवमासा आणि वऱ्हाडचा कापूस

यवतमाळच्या माणसाने देवमाशावर लिहावे, हे वाचून कित्येकांना हसू येईल. आमच्याकडे समुद्र नाही; वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्या, बाकी काळी जमीन आणि कापूस. परंतु या कापसाची आणि देवमाशाची एकदा गाठ पडली आहे, आणि तीही हजारो कोस दूर, अमेरिकेच्या किनाऱ्यावर.

देवमासा हा नावाचाच मासा. पिलांना दूध पाजणारा प्राणी तो. त्याच्यातल्या ‘स्पर्म’ जातीच्या प्रचंड डोक्यात मेणासारखे तेल असते. मोठ्या नराच्या डोक्यातून पाचशे गॅलनपर्यंत निघे. त्यासाठी न्यू बेडफर्ड बंदरातून निघालेली जहाजे तीन-तीन, चार-चार वर्षे परतत नसत. चरबी जहाजावरच विटांच्या चुलाणावर मोठाल्या काहिलींत कढवीत, आणि जळण म्हणून तिचाच उरलेला चोथा घालीत. आपल्या गुऱ्हाळात उसाची चिपाडेच चुलाणात जातात, तसाच हा प्रकार! त्या मेणाच्या मेणबत्त्या इतक्या एकसारख्या जळत की, १८६० च्या विलायती कायद्याने उजेडाचे माप त्यांच्यावरूनच ठरवले. ‘कँडल पॉवर’ हा शब्द जुन्या मंडळींच्या कानांवर असेलच. आणि तेल? ते थंडीत लवकर थिजत नसे, चिकटत नसे. म्हणून सूतगिरण्यांतल्या भरभर फिरणाऱ्या चात्यांना ते घालीत.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. विलायतेच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून येई, म्हणून उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. चार्ल्स्टन बंदरासाठी तर एक अजब युक्ती काढली. १८५९ पासून पेनसिल्व्हानियात जमिनीतून खनिज तेल निघू लागले होते, देवमाशाच्या तेलाचे दिवस भरत आले होते, आणि शिकारीची जुनी जहाजे स्वस्तात मिळत होती. ती सरकारने विकत घेतली. त्यांत शेतांच्या बांधांचे धोंडे भरले, तळाला भोक पाडून बूच बसवले, आणि डिसेंबर १८६१ मध्ये अशी सोळा जहाजे बंदराच्या मुख्य वाटेत बुचे काढून बुडवली. पुढच्या महिन्यात आणखी. त्यांतल्या एकाचे नाव ‘रॉबिन हूड’, दुसऱ्याचे ‘लिओनिडास’! इतके करून युक्ती फसलीच. पाण्याने शेजारून नवी वाट कोरली आणि लाकूड किड्यांनी खाल्ले. कापूस अडला तो पहाऱ्यावरच्या लढाऊ जहाजांनी. त्याचे श्रेय धोंड्यांना देता येत नाही.

इकडे लिव्हरपुलात कापसाचा भाव चौपटीच्या घरात गेला. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलेच होते. ऐन तेजीत, १८६४ साली, आमचा जिल्हा निराळा काढला गेला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये यवतमाळ झाला. नागपूरला आगगाडी आली १८६७ साली. तोवर कापसाची भिस्त बैलांवर. खानदेशात गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा सांगतात. त्या कितपत खऱ्या, देव जाणे. पण आमच्या शेतकऱ्याला चार्ल्स्टन कुठे ठाऊक? रान तेच, बोंड तेच, भाव मात्र चढला. का चढला हे त्याला कोणी सांगितले नाही. आणि एप्रिल १८६५ मध्ये युद्ध आटोपून भाव कोसळला, तेव्हा का कोसळला हेही सांगितले नाही. कर्ज घेऊन ज्याने पेरा वाढवला होता, त्याचे कर्ज तेवढे जागच्या जागी राहिले. १ जुलैला मुंबईत वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली आणि भल्या भल्या पेढ्या बुडाल्या.

त्याच्याच आदल्या आठवड्यात, दूर बेरिंगच्या समुद्रात, दक्षिणेच्या ‘शेनॅनडोआ’ या जहाजाने देवमाशांच्या शिकारीवर आलेली सुमारे वीस जहाजे जाळली. युद्ध संपल्याची पक्की बातमी त्याच्या कप्तानाला ऑगस्टमध्ये लागली! ६ नोव्हेंबर १८६५ रोजी त्याने निशाण उतरवले, ते लिव्हरपूल बंदरात. हिंदुस्थानचा कापूस जिथे उतरत होता, त्याच बंदरात.