साहेबाचा कोश आणि अण्णांची वही

माझा नातू फणसवाडीतल्या आमच्या जुन्या खोलीत बसून परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करतो आहे. साधेसुधे शब्द नव्हेत. खुद्द इंग्रजही वर्षाकाठी एखादे वेळी उच्चारील, असले. व्यंकटेशाच्या देवळातली घंटा वाजते, शेजारी चकल्यांचा घाणा तळून निघतो, आणि हा आपला डोळे मिटून पुटपुटतो आहे. मला मौज वाटली ती निराळ्याच कारणाने. परक्या भाषेचे शब्द परीक्षेसाठी घोकण्याची पाळी या मुंबई इलाख्यात एकेकाळी साहेबावर आली होती!

कंपनी सरकारच्या अंमलदाराला चांगली जागा हवी असेल, तर देशी भाषेच्या परीक्षेला बसावे लागे. पण मराठी शिकायची कशावरून? ही अडचण लष्करातल्या जेम्स मोल्सवर्थ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने मनावर घेतली. जॉर्ज आणि टॉमस हे कँडी बंधू आणि आपले ब्राह्मण पंडित यांच्या साहाय्याने त्याने मराठी-इंग्रजी कोश रचला. तो १८३१ साली प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या ६०,००० च्या घरात गेली. पोथीतल्या शब्दांवर हा मनुष्य थांबला नाही. कोकणातले, देशावरचे, बायकांच्या आणि कुणब्यांच्या तोंडचे शब्द, म्हणी, शिव्यासुद्धा त्याने टिपल्या. लोक त्याला कौतुकाने ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत. ही पदवी त्याला शोभून दिसते, असे माझे मत आहे.

पुढे वारे फिरले. १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मुलाला याहून स्वस्त शिकवणी कुठली? १८४७ साली कँडीसाहेबांचा इंग्रजी-मराठी कोश पुरा झाला. १८५७ साली, म्हणजे मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती निघाली त्याच वर्षी, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. माधवराव रानडे आणि रामकृष्ण भांडारकर त्या पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झाले. तेव्हापासून घोकणारे आम्ही आणि तपासणारा साहेब!

घरोघरी मग तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. मराठी वाक्य वाचावे, त्याचे इंग्रजी करावे, पुन्हा मराठी वाक्य वाचावे. तिला हसणारे पुष्कळ भेटतात. पण तिच्यावर इंग्रजी शिकून कचेऱ्यांत उभा जन्म खर्डेघाशी केलेल्यांना विचारा. खोट एकच होती. ही सगळी विद्या डोळ्यांची. कानांना तिचा स्पर्श नाही. मोल्सवर्थला मराठी ऐकवायला सारा मुलूख होता. फणसवाडीत इंग्रजी बोलणार कोण? देवळातले भटजी, की रद्दीवाला?

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, १९३१ साली मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले. कोश विकत घेण्याची ऐपत नव्हती. नीलकंठ बाबाजी रानड्यांचा इंग्रजी-मराठी कोश १९०३ ते १९१६ या काळात भागाभागांनी निघाला होता, आणि त्यात शब्दांचे उच्चारही होते. पण तो अण्णांच्या हाती लागला नाही. दुसऱ्याच्या जुन्या कोशातून, तोही रात्रीपुरता मागून आणलेला, त्यांनी एका वहीत शब्द उतरवून घेतले. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. चाळीच्या गॅलरीत फेऱ्या घालीत ते पाठ केले आणि पुढच्या खेपेला पास झाले.

मग नोकरीसाठी एका कचेरीत मुलाखत. साहेबाने विचारले, मागल्या कारकुनाच्या दप्तराची स्थिती कशी दिसते? अण्णांना अगदी नेमका शब्द आठवला. अर्थ ठाऊक, अक्षरे ठाऊक. ते ठणठणीत आवाजात म्हणाले, “चॅओस, सर!” साहेब हसला, बाजूचा हेडक्लार्क त्याहून मोठ्याने हसला. जागा दुसऱ्याला मिळाली. अण्णांनी पुढे दुसरीकडे तीस वर्षे इमानेइतबारे नोकरी केली. पण साहेबापुढे इंग्रजी बोलायची वेळ आली की ते कागदावर लिहून देत. आम्हां मुलांना तो त्यांचा करारीपणा वाटे. खरी गोष्ट आईने सांगितली, तीही अण्णा गेल्यावर.

परवा नातवाला मी हे सांगितले. तो म्हणाला, “आजोबा, आता असं नाही होत,” आणि त्याने फोनवर तोच शब्द काढून बोट लावले. फोन स्वच्छ बोलला, “केऑस.” पुन्हा बोट लावले, पुन्हा बोलला.

मी कपाटातून अण्णांची वही काढली. ‘सी’चे पान सापडायला वेळ लागला, कारण कागद एकमेकांना चिकटले आहेत. शब्द होता. पुढे निळ्या शाईत ‘गोंधळ, अंदाधुंदी’ असा अर्थ होता. आणि शब्दाच्या डोक्यावर, मागाहून केव्हातरी, तांबड्या शाईने लहानसा ‘के’ काढलेला होता.