सफरचंदाच्या जागी केळं

ब्राझीलच्या अगदी दक्षिणेला, रिओ ग्रांदे दो सुल राज्यातल्या जत्रांमध्ये, एकाच ताटात सॉसेज आणि गोड पावाचा जाड तुकडा वाढला जातो. या पावाचं नाव कुका. वर साखर-लोण्याचा खुसखुशीत चुरा, त्याखाली केळ्याच्या फोडी आणि तळाला यीस्टने फुगलेला मऊ पाव. नवखा पाहुणा ताटाकडे जरा साशंक नजरेने पाहतो. गावकरी मात्र एक घास खारट सॉसेजचा, एक कुकाचा असं आलटून पालटून खात असतात.

कुका मुळात जर्मन. २५ जुलै १८२४ रोजी ३९ जर्मन माणसं सिनोस नदीकाठी येऊन उतरली. ब्राझील पोर्तुगालपासून वेगळा होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. सम्राट पहिला पेद्रो याला दक्षिणेच्या सीमेवर वस्ती हवी होती आणि फौजेसाठी माणसंही. राणी लिओपोल्दिना ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातली. तिच्या सन्मानार्थ वसाहतीला साओ लिओपोल्दो हे नाव मिळालं. आलेल्यांची पहिली सोय झाली ती एका बंद पडलेल्या सरकारी मळ्यात. जहाजांच्या दोरखंडांसाठी तिथे पूर्वी गुलामांकरवी भांगेच्या धाग्याचं पीक काढलं जाई.

१८३०पर्यंत सुमारे ५,००० जर्मन इथे पोहोचले. त्यांतले बरेचसे हुन्सरुक या डोंगराळ भागातले. भावाभावांत वाटण्या होऊन होऊन तिथली शेतं पोट भरण्याइतकीही उरली नव्हती. इथे सुरुवातीच्या कुटुंबांना सुमारे ७७ हेक्टर जमीन मिळाली, पण ती सगळी जंगलाची.

जमीन होती, गव्हाचं पीठ मात्र महाग. त्यामुळे रोजचा पाव मक्याच्या पिठाचा. त्यात कधी किसलेलं रताळं मिसळायचं आणि गोळा केळीच्या पानावर ठेवून विटांच्या भट्टीत सरकवायचा. लोणी कमी पडे, तेव्हा डुकराची चरबी कामी येई. मक्यावर पोसलेली डुकरं घरोघरी होती आणि चरबी हा तर वसाहतींचा मोठा विक्रीचा माल ठरला. गव्हाचं पीठ, अंडी, साखर एकत्र यायची ती सणालाच. चर्चच्या वाढदिवसाची जत्रा, म्हणजे ‘केर्ब’, तीन-तीन दिवस चाले. दूरच्या गावांहून सोयरे येत आणि भट्टीतून एकामागून एक कुका निघत.

मायदेशी अशा पावावर सफरचंदं, आलुबुखार पसरत. इथल्या उकाड्यात ती कुठून आणणार? मग हाताशी होतं ते फळ आलं: केळं, पेरू, अननस. केळं स्वतःच परदेशी. आग्नेय आशियातून आफ्रिकेत आणि तिथून पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते ब्राझीलला पोहोचलेलं. अननसाचा प्रवास उलट्या दिशेने झाला. दक्षिण अमेरिकेतला अननस पोर्तुगीजांनीच गोव्यात आणला. १८७५पासून इटालियन शेतकरी शेजारच्या डोंगरांत वसू लागले. त्यांच्या मळ्यांत इझाबेल जातीची काळी, वासाची द्राक्षं रुजली आणि तीही कुकावर चढली. वरच्या चुऱ्याला लोक ‘फारोफा’ म्हणू लागले. खरा फारोफा म्हणजे कसाव्याचं परतलेलं पीठ. आपला साबुदाणा होतो तोच हा कंद.

कृती सोपी, पण घाईची नाही. कोमट दुधात यीस्ट विरघळवून मैदा, साखर, अंडी, लोणी आणि चिमूटभर मीठ घालून कणीक मळतात. ती हाताला चिकटेल इतकी सैल हवी. घट्ट झाली की पाव कोरडा पडतो. दुपटीने फुगल्यावर लांबट साच्यात पसरायची आणि वर केळ्याचे उभे काप जवळजवळ मांडायचे. चुऱ्यासाठी मैदा, साखर, दालचिनी आणि थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळहात लागला की लोणी वितळतं आणि चुऱ्याचा लगदा होतो. वाटाण्याएवढे खडे झाले की थांबायचं. १८० अंशांवर पाऊण तासाच्या आत चुरा सोनेरी होतो. केळं खाली मुरंब्यासारखं मऊ पडतं. द्राक्षाच्या कुकात आंबट जांभळा रस पावात झिरपतो, म्हणून साखर जरा हात सैल सोडून घालतात.

शेजारच्या सांता कातारिना राज्यात केळ्याची कुका जास्त लाडकी. १८९७मध्ये जर्मनांनी वसवलेल्या कोरुपा गावाभोवती केळीच्या बागा आहेत. तिथल्या गारव्यात घड उशिरा पिकतो, त्यामुळे केळ्यात गोडी अधिक उतरते. या केळ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

या खाण्यामागच्या भाषेवर मात्र संकट आलं. १९३७मध्ये जेतुलियो वार्गास यांनी हुकूमशाही आणली आणि सगळ्यांना ‘ब्राझिलियन’ करण्याची मोहीम सुरू झाली. जर्मन शाळा बंद पडल्या. १९४२मध्ये ब्राझील जर्मनीविरुद्ध युद्धात उतरला, तेव्हा चारचौघांत जर्मन बोलणंही धोक्याचं झालं. पाककृतीला शाळा लागत नाही, छापखाना लागत नाही. आईच्या हाताखाली मुली ती शिकत राहिल्या. हुन्सरुकच्या बोलीला रिओ ग्रांदे दो सुलने सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती थेट २०१२मध्ये.

आज कुका बेकऱ्यांत आणि सुपरमार्केटात मिळते. आटवलेल्या गोड दुधाची, चॉकलेटची, नारळाची. रोलांते हे गाव कुकाची राष्ट्रीय राजधानी म्हणून मिरवतं आणि तिच्या नावाने उत्सव भरवतं. दरम्यान १९७०च्या दशकापासून याच दोन राज्यांच्या थंड पठारांवर सफरचंदाच्या मोठ्या बागा उभ्या राहिल्या. पहिल्या जर्मनांना न मिळालेलं फळ दीडशे वर्षांनी दारात आलं, पण तोवर केळ्याने आपली जागा पक्की केली होती. सफरचंदाची कुका आता इतर डझनभर प्रकारांच्या रांगेत बसते.