दिनविशेष : ९ नोव्हेंबर १९६२
महर्षी धोंडो केशव कर्वे ऊर्फ अण्णा यांचे पुण्यात निधन झाले. ते १०४ वर्षांचे होते. स्त्रीशिक्षणातले त्यांचे काम शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. घरातल्या अण्णांची आठवण मात्र कमी निघते, आणि तीच मला आज अधिक मोलाची वाटते. पत्नी आनंदीबाईंनी संसारातली ओढाताण ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात हातचे न राखता लिहिली. थोरल्या मुलाने, रघुनाथने, संततिनियमनाचा उघड प्रचार केला, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. सून इरावती मानववंशशास्त्रात नावाजल्या, नाती जाई निंबकर आणि गौरी देशपांडे लेखिका झाल्या. वडीलधाऱ्यांपुढे मुलीसुनांनी मत मांडले की आजही कित्येक घरांत कपाळाला आठ्या पडतात. कर्व्यांच्या घरातल्या बायकांनी ते छापून आणले.